वर्षभराची अट

१९८६ साली आपल्या देशात दोन गोष्टी जन्माला आल्या. दोन्ही आता चाळिशीच्या आहेत आणि दोघींची एकमेकींशी अजूनही धड ओळख नाही. पहिली म्हणजे ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात जन्मलेली मुलगी. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूने जन्माला घातलेलं, सरकारी कागदपत्रांत 'भारतातलं पहिलं' म्हणून नोंदलं गेलेलं टेस्ट ट्यूब बेबी. (खरं पहिलं बाळ कोलकात्याचं. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ लाच ते करून दाखवलं होतं, जगातल्या पहिल्या बाळानंतर अवघ्या ७० दिवसांनी. सरकारी समितीने त्यांना खोटं पाडलं आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९९७ मध्ये खुद्द आनंद कुमारांनीच त्यांची कागदपत्रं तपासून 'पहिला मान यांचा' असं जाहीर केलं. असा मोठेपणा आपल्याकडे क्वचित दिसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

दुसरी गोष्ट म्हणजे मेडिक्लेम. त्याच वर्षी सरकारी विमा कंपन्यांनी ही पॉलिसी बाजारात आणली.

या वीकांताला या दोघींबद्दल लिहायचंय, आणि त्यांच्या मधे अडकलेल्या लोकांबद्दल. म्हणजे ज्यांना मूल हवंय, पण ज्यांचं नातं सरकारदरबारी नातं म्हणून लिहिलंच जात नाही. गे, लेस्बियन, तृतीयपंथी. 'हे काय आता नवीन फॅड' असं कुणाला वाटलं असेल तर त्यांनी दोन मिनिटं थांबावं, कारण हा हिशोब फार जुना आहे.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच, पण नव्यांसाठी: मी मूळचा उमरग्याचा, पुणे-हैदराबाद हायवेवरच्या त्या गावाचा, जिथे लक्झरीवाले रात्री चहाला थांबतात. सध्या हिंजवडीत सॉफ्टवेअर हमाली करतो. आमचं गिऱ्हाईक एक अमेरिकन आरोग्य विमा कंपनी. मी नेमकं काय करतो हे आज्जीला एकदा समजावून सांगितलं होतं, की तिकडं कुणी आजारी पडलं की त्याला पैसे द्यायचे का नाही, ते ठरवणारा प्रोग्राम मी इथं बसून लिहितो. आज्जी म्हणाली, "आन् तू न्हाई म्हनलास तर?" चार वर्षांत माझ्या एकाही मॅनेजरने इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही.

तर विमा 'नाही' कसं म्हणतो, तिथून सुरुवात करू.

विम्याचं गणित साधं आहे. हजार जणांनी थोडे थोडे पैसे घालायचे, त्यातल्या ज्या पाच जणांवर संकट येईल त्यांना त्यातून द्यायचे. भानगड होते ती त्या हजारात कुणाला घ्यायचं आणि संकट कशाला म्हणायचं, या दोन ठिकाणी. एकोणिसाव्या शतकात इथे आयुर्विमा विकणाऱ्या ब्रिटिश कंपन्या आधी नेटिव्हांना घेतच नसत, आणि नंतर घेऊ लागल्या तेव्हा 'कमी दर्जाचं आयुष्य' म्हणून जादा हप्ता लावत. म्हणजे तुम्ही ठणठणीत असाल, पण भारतीय आहात हेच दुखणं! १८७० मध्ये मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल लाइफ अश्युरन्स सोसायटी' निघाली आणि तिने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवायला सुरुवात केली. त्या एका वर्षात भारतीयांची तब्येत अचानक सुधारली असं काही झालं नव्हतं. 'सर्वसाधारण माणूस' या शब्दाचा अर्थ तेवढा कुणीतरी बदलला होता.

हे डोक्यात ठेवून आता जुन्या मेडिक्लेमच्या बारीक छपाईकडे या. तिच्यात काय काय मिळणार नाही याची एक यादी असे. त्या यादीतल्या एकाच वाक्यात, स्वल्पविराम देऊन ओळीने, वंध्यत्व, गुप्तरोग, स्वतःला मुद्दाम केलेली इजा आणि नशेच्या पदार्थांचा वापर हे सगळे शेजारी बसवलेले होते. मूल न होणारी बाई आणि अंमली पदार्थ घेणारा माणूस एकाच बाकड्यावर. शिवाय एड्ससाठी वेगळं कलम होतं, त्यात विषाणूची तेव्हाची सगळी लांबलचक शास्त्रीय नावं घालून पक्का बंदोबस्त केला होता. (भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली तीही १९८६ लाच, चेन्नईत. काय वर्ष होतं!) त्या कलमाचा रोख कुणाकडे होता हे कळायला फार डोकं लागत नाही. एचआयव्हीबाधितांना विमा नाकारायचा तर त्याला विमागणिताचा ठोस आधार लागेल, हे कायद्यात यायला २०१७ उजाडलं आणि तो कायदा लागू व्हायला २०१८.

वंध्यत्वाचं कलम मात्र टिकून राहिलं. २०१९ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या कंपन्यांच्या वगळणुकींची भाषा एकसारखी केली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. सतरावा क्रमांक वंध्यत्वाचा. त्यात चार गोष्टी आहेत: संततिनियमन आणि नसबंदी, आयव्हीएफसारखे सगळे उपचार, सरोगसी, आणि केलेली नसबंदी उलटवणं. मूल नको असणारे आणि हवं असणारे एकाच खोलीत कोंडले की हो!

कंपन्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, माझं मीठ तिथलंच आहे. त्यांचं म्हणणं असं, की अपघात कुणी ठरवून करत नाही पण आयव्हीएफ माणूस ठरवून करतो. वैयक्तिक पॉलिसीत ते दिलं तर ज्यांना करायचंय तेच पॉलिसी घेतील, दोन लाखांचा उपचार करून घेतील आणि पुढच्या वर्षी पॉलिसी सोडून देतील. हजारांच्या गठ्ठ्यातले हजारही क्लेम करणारे असले तर गठ्ठ्याला अर्थ उरत नाही. हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो ग्रुप पॉलिसीला लागू पडत नाही, कारण कंपनीतले पाच हजार लोक नोकरीसाठी आलेले असतात, आयव्हीएफसाठी नव्हे. म्हणूनच गेल्या काही वर्षांत आयटी आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये ठराविक रकमेपर्यंत आयव्हीएफ दिसायला लागलंय.

आणि 'ऐच्छिक' हा शब्दही किती लवचिक आहे पहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या उमरगा आणि शेजारच्या औसा तालुक्यातली गावंच्या गावं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्याकडच्या प्रत्येक घरात त्या पहाटेची गोष्ट आहे, आणि ती बहुतेक लेकरांवर येऊन थांबते. पुढे २००४ च्या सुनामीत तामिळनाडूत तेच झालं. ज्या आयांची मुलं वाहून गेली त्यांतल्या अनेकींची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती. तामिळनाडू सरकारने ती उलटवून देण्याचा खर्च स्वतः उचलला. सतराव्या क्रमांकातली चौथी गोष्ट! तिथे कुणी म्हटलं नाही की मूल होणं ही हौस आहे, तुमचं तुम्ही बघा. मूल नसणं हे नुकसान आहे, हे सरकारला व्यवस्थित कळतं. फक्त कुणाचं, हा प्रश्न असतो.

आता थोडं मागे, गिरगावातल्या एका हट्टी माणसाकडे जाऊ. र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. 'ध्यासपर्व' सिनेमामुळे आपल्या पिढीला त्यांचं नाव माहीत आहे. पण १९३४ चा खटला फारसा माहीत नसतो. मासिकात वाचक लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्यातली काही उत्तरं हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल होती. अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी! वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि मासिक त्यासाठीच आहे, तर शास्त्राला धरून दिलेलं उत्तर अश्लील कसं, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. दंड भरून त्यांनी मासिक पुढे चालू ठेवलं ते ठेवलंच.

मला यात आवडतं ते हे, की ज्या माणसाने महाराष्ट्रात 'मूल कधी आणि किती, हे बाई ठरवेल' असं म्हटलं, त्याच माणसाला समलिंगी लोकांच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याबद्दल दंड झाला. त्याच्यासाठी हे दोन वेगळे विषय नव्हतेच. आपणच मधल्या काळात ते वेगळे काढले. संततिनियमन सरकारी भिंतींवर लाल त्रिकोण होऊन मिरवलं, आणि दुसरा विषय ३७७ कलमाखाली पडून राहिला, ते ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत.

असो. आता एक गंमत. २००८ च्या आसपास हीच मुंबई जगभरातल्या गे जोडप्यांचं माहेरघर झाली होती! आपल्याकडे २००२ पासून व्यावसायिक सरोगसीला मोकळीक होती, खर्च अमेरिकेच्या मानाने बराच कमी, आणि डॉक्टर इंग्रजी बोलणारे. इस्रायलमध्ये तेव्हा पुरुष जोडप्यांना सरोगसी करता येत नव्हती, म्हणून तिथले लोक मुंबईला यायचे. २००८ मध्ये अशा एका जोडप्याच्या बाळाची बातमी सगळ्या पेपरांत आली होती. २०१० मध्ये आणखी एक इस्रायली बाप आपल्या जुळ्यांना घेऊन कित्येक आठवडे मुंबईतच अडकला, कारण जेरुसलेमचा न्यायाधीश डीएनए चाचणीचा आदेश देईना. शेवटी प्रकरण तिथल्या पंतप्रधानांपर्यंत गेलं. आणि लक्षात घ्या, या सगळ्या काळात इथल्या माणसासाठी ३७७ बहुतेक वेळ जिवंतच होतं. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये ते मोडलं, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये परत जोडलं. म्हणजे परदेशी गे जोडप्याला मुंबईत पावती फाडून मूल मिळत होतं आणि मुंबईतल्या गे माणसाला पोलिसाची भीती.

मग दारं लागत गेली. २०१२ मध्ये गृहखात्याने ठरवलं की सरोगसीसाठी व्हिसा फक्त किमान दोन वर्षं लग्न झालेल्या स्त्री-पुरुष जोडप्यालाच. २०१५ मध्ये परदेशी लोकांना पूर्णच बंदी. ऑगस्ट २०१६ मध्ये सरोगसी विधेयक आलं तेव्हा सुषमा स्वराज यांनी पत्रकार परिषदेत समलैंगिकांना परवानगी नाही, ते आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं स्पष्टच सांगितलं. परदेशी माणसांनी गरीब बायकांची गर्भाशयं भाड्याने घ्यावीत आणि पाठ फिरवून निघून जावं, हा प्रकार थांबवायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शोषण थांबवायचं म्हणून आणलेल्या कायद्याने लग्नाचा दाखला का तपासायचा, याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही.

कायदे शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये झाले आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. एक सरोगसीचा, एक आयव्हीएफ वगैरे तंत्रांचा, ज्याला एआरटी कायदा म्हणतात. त्या दुसऱ्यावर चर्चा झाली तेव्हा लोकसभेत बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी समलिंगी जोडपी आणि एकटे पुरुष बाहेर का, हा प्रश्न विचारला होता. कायद्यात काही फरक पडला नाही. (तिकडे इस्रायलने जानेवारी २०२२ मध्येच पुरुष जोडप्यांना सरोगसी खुली केली. ज्यांना मुंबईला यावं लागायचं त्यांची घरच्या घरी सोय झाली, आणि मुंबईकर बाहेर. एकाच महिन्यात!)

हे दोन्ही कायदे मी अक्षरशः स्पेसिफिकेशन डॉक्युमेंट वाचतात तसे वाचले. आधी व्याख्या, मग बाकीचं. सरोगसी घेऊ शकतं कोण? कायदेशीर लग्न झालेलं स्त्री-पुरुष जोडपं, किंवा ३५ ते ४५ वयाची विधवा किंवा घटस्फोटिता. बस. एआरटी कायदा किंचित सैल आहे. त्यात 'वंध्यत्व असलेलं विवाहित जोडपं' आहे आणि त्याशिवाय नुसती 'स्त्री' असाही एक वर्ग आहे, २१ वर्षांवरची. तिला नवरा असायची सक्ती नाही. एकट्या पुरुषाला जागाच नाही. आणि 'वंध्यत्व' म्हणजे काय? तर एक वर्ष संततिनियमनाशिवाय शरीरसंबंध ठेवूनही गर्भ न राहणं, किंवा जोडप्याला गर्भधारणा होऊ न देणारं दुसरं सिद्ध झालेलं वैद्यकीय कारण.

हे वाक्य वाचताना मला थांबावं लागलं, कारण मी ते आधी लिहिलं होतं. म्हणजे कोडमध्ये.

अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो, आणि वंध्यत्वाचे उपचार त्यात असावेत की नाही हे पुष्कळसं राज्याराज्यावर ठरतं. मॅसॅच्युसेट्सने १९८७ मध्येच, म्हणजे आपल्या मेडिक्लेमच्या दुसऱ्या वर्षी, विमा कंपन्यांना ते बंधनकारक केलं. पण पैसे द्यायचे म्हटल्यावर 'वंध्य कोण' हे ठरवावं लागलं, आणि बऱ्याच पॉलिसींनी डॉक्टरांची व्याख्या तशीच उचलली: बारा महिने प्रयत्न, पस्तिशीच्या पुढे सहा महिने. क्लेममध्ये निदानाचा कोड लागतो. स्त्रीच्या वंध्यत्वाचा कोड एन९७. तो नसेल, नुसता 'मूल होण्यासाठी उपचार' असा झेड३१ असेल, तर आमचा प्रोग्राम क्लेम बाजूला काढतो. आता दोन बायकांचं जोडपं बारा महिनेच काय, बारा वर्षं प्रयत्न करून एन९७ कुठून आणणार? मग त्यांना सांगितलं जायचं की दात्याचं वीर्य वापरून कृत्रिम गर्भधारणेचे सहा किंवा बारा प्रयत्न आधी स्वतःच्या खिशातून करा, ते फसले की तुम्ही वंध्य, मग आम्ही पैसे देऊ. नवरा-बायकोने मात्र 'वर्षभर प्रयत्न केला' असं नुसतं तोंडी सांगितलं की झालं, त्याची पावती कोण मागतो!

२०२१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका बाईने याच मुद्द्यावर आपल्या विमा कंपनीला कोर्टात खेचलं, आणि पुढे कंपनीला तडजोड करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने व्याख्याच बदलली. आता मूल होण्यासाठी दात्याचं बीज लागणं हेही वंध्यत्वात मोडतं, माणूस एकटा असो की जोडीदारासोबत. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला की मोठ्या कंपन्यांच्या विम्यात आयव्हीएफ द्यावंच लागेल आणि त्यात लैंगिक कल वगैरे पाहून भेद करता येणार नाही. आपली निम्मी कोथरूड-बाणेरची पोरं त्या राज्यात आहेत, त्यांच्या पगारपत्रकात हे थेट येणार.

इथे मला माझ्या एका मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. तिची परवानगी घेतली आहे, पण ती कोण हे सांगणार नाही. उमरग्याचीच, शाळेपासूनची. पुण्यात नोकरी करते, सहा वर्षं एका मुलीसोबत राहते. घरच्यांना ती 'रूममेट' म्हणून माहीत आहे, दिवाळीत फराळाचे दोन डबे येतात. गेल्या वर्षी तिच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आयव्हीएफ आलं आणि तिचा फोन आला.

"अरे, तू विम्यातच काम करायलास ना? मग सांग, मला मिळंल का नाही?"

मी तिच्याकडून पॉलिसीचे कागद मागवले. एआरटी कायद्याप्रमाणे ती 'स्त्री' म्हणून, एकटी, क्लिनिकमध्ये जाऊ शकते. कुणी अडवू शकत नाही. पण एकटीच. दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतून मिळेल, पण जोडीदारणीचं बीजांड आणि हिचा गर्भ, असं जे बाहेरच्या देशांत दोघी मिळून करतात, ते इथे जमत नाही, कारण बीजांडदात्रीही बँकेमार्फतच यावी लागते. जन्माला येणाऱ्या मुलाची कायद्याने एकच आई, ही. उद्या हिचं काही बरंवाईट झालं तर दुसरी त्या मुलाची कुणीही नाही. दत्तकाचा रस्ताही बंद, कारण जोडपं म्हणून दत्तक घ्यायला लग्न लागतं, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क सगळ्या पाच न्यायाधीशांनी आणि दत्तकाचा तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारला.

आणि विमा? तिच्या पॉलिसीत लिहिलं होतं, 'कर्मचारी किंवा वैवाहिक जोडीदार यांच्या वंध्यत्वावरील उपचार'. कर्मचारी तर ती आहेच. पण वंध्यत्व सिद्ध करायला तीच वर्षभराची अट, आणि फॉर्मवर पतीची सही. टीपीएने क्लेम परत पाठवला. एचआर पोर्टलवर नात्याचा ड्रॉपडाऊन आहे: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, सासू, सासरे. त्यात नववा पर्याय टाकणं हे माझ्यासारख्याचं दहा मिनिटांचं काम आहे, टेस्टिंगसकट. काही मोठ्या कंपन्यांनी २०१८ च्या निकालानंतर तो टाकलाही, कारण ग्रुप पॉलिसीत कुणाला घ्यायचं हे कंपनी आणि विमा कंपनी आपसात ठरवू शकतात. हिच्या कंपनीने नाही टाकला.

तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गावाकडं लेकरू नसलं की बाईला वांझ म्हनतेत. आन् हे म्हनायलेत, आधी वांझ हाईस हे सिद्ध कर, मग पैशे देतो."

तिने एक सायकल स्वतःच्या पैशाने केली. दोन लाखांच्या आसपास गेले. राहिलं नाही. क्लिनिकच्या फाईलवर 'सोबत आलेली व्यक्ती' समोर 'मैत्रीण' लिहिलंय. आता दुसऱ्या सायकलसाठी दोघी पैसे साठवतायत.

सरकार हे पैसे कुणालाच देत नाही म्हणावं तर तसंही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून २०११ पासून आयव्हीएफच्या एका सायकलला ६५,००० रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त तीन सायकल, परतावा मिळतो. अट अर्थातच, विवाहित जोडपं. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात मोफत आयव्हीएफ सुरू केलं, आणि २०२४ मध्ये मुंबईच्या कामा रुग्णालयातही सरकारी केंद्र निघालं. आयुष्मान भारतमध्ये मात्र वंध्यत्वाचे उपचार नाहीत, कुणालाच नाहीत. उमरग्यासारख्या गावातलं साधं नवरा-बायकोचं जोडपंही त्यामुळे सोलापूर नाहीतर लातूर गाठतं, एखादा एकर विकतं, आणि तुळजापूरला नवस बोलून येतं. माझ्या मैत्रिणीची आणि त्या जोडप्याची अडचण अर्ध्यापर्यंत एकच आहे. सतरावा क्रमांक दोघांनाही लागतो. तो उद्या उठला तर ते जोडपं सुटेल, आणि ही पुढच्या दाराशी अडकेल.

सगळ्यात विचित्र गत तृतीयपंथीयांची. आपल्याकडे मूल झालं की आशीर्वाद द्यायला ते चालतात, ते आले नाहीत तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. २०१४ च्या निकालाने त्यांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्यात चक्क विम्याचा उल्लेख आहे: शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार वगैरेंचा खर्च सर्वसमावेशक विमा योजनेतून द्यावा. २०२२ मध्ये आयुष्मान भारतच्या तृतीयपंथीयांसाठीच्या योजनेचा करारही झाला, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देणारा. खासगी पॉलिसीत मात्र लिंगबदलाचे उपचार वगळणुकीच्या यादीत सातव्या क्रमांकावर. आता वैद्यकशास्त्र सांगतं की हार्मोन आणि शस्त्रक्रियेने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून आधी बीजं गोठवून ठेवावीत. कॅन्सरच्या रुग्णांना केमोआधी हाच सल्ला देतात. म्हणजे एका खिशातून सरकार शस्त्रक्रियेला पैसे देणार, पण त्याआधी बीज जपून ठेवायचं म्हटलं तर पैसे सोडा, परवानगीचाच प्रश्न. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयात एका ट्रान्स पुरुषाने आपली बीजांडं गोठवू द्यावीत म्हणून याचिका केली, आणि केंद्राने विरोध केला तो एआरटी कायद्यातल्या व्याख्यांकडेच बोट दाखवून.

या दोन्ही कायद्यांमध्ये विमा हा शब्द येतोच येत नाही असं समजू नका हं. येतो. सरोगेट आईचा ३६ महिन्यांचा आणि बीजांडदात्रीचा १२ महिन्यांचा विमा उतरवणं सक्तीचं आहे. चांगली तरतूद आहे, दोन्ही बायका धोका पत्करतात. म्हणजे विमा नेमका कुणासाठी लिहायचा हे कायदा करणाऱ्यांना जमतं, आणि कंपन्यांनाही तशा पॉलिसी काढता येतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थमंत्रालयाने पत्रक काढून सांगितलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. त्यामुळे माझ्या मैत्रिणीच्या खात्याला आता तिची जोडीदारीण नॉमिनी आहे. आयव्हीएफसाठी साठवलेले पैसे त्याच खात्यात आहेत.

कॅलिफोर्नियाचा तो कायदा आधी जुलै २०२५ पासून लागू होणार होता, मग तारीख १ जानेवारी २०२६ झाली. डिसेंबरात आमच्या टीमला त्याचं काम आलं. नियमांच्या टेबलमधली त्या राज्याची एक ओळ बदलायची होती, एन९७ ची सक्ती काढून झेड३१ चालवून घ्यायचा. मी बदल केला, टेस्ट केसेस लिहिल्या. त्यातली एक केस दोन बायकांच्या जोडप्याची होती. शुक्रवारी रात्री ती पास झाली, आणि सोमवारी प्रॉडक्शनला गेली.